आधी जेवण, मग उपदेश : भंडाऱ्यातील म्हाताऱ्या माणसांच्या ताटाचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात पवनी तालुक्यातील एका गावात पोषणाची माहिती देण्याचा कार्यक्रम होता. आम्हीही गेलो होतो. समाजमंदिराच्या भिंतीवर मोठे चित्र लावले होते. त्यात सफरचंद होते, बदाम होते, पनीर होते, दुधाने भरलेला ग्लास होता. समोर सतरंजीवर बसलेली बहुतेक माणसे साठीच्या पुढची. शहरातून आलेल्या ताई मनापासून सांगत होत्या, "आजी, रोज चार बदाम भिजवून खायचे." पुढे बसलेली एक आजी हसली आणि म्हणाली, "अन् खावाले दात कुठी हायेत, बाई?" सगळे हसले. ताईही हसल्या. कार्यक्रम पुढे सुरू राहिला. शेवटी चहा आणि बिस्किटांचा पुडा मिळाला. त्या आजीने पुडा पदराला बांधला, नातवासाठी.

आम्ही घरी आलो, पण ते हसणे डोक्यातून गेले नाही. त्या आजीला बदाम चांगले असतात हे माहीत नव्हते काय? माहीत होते. तिच्या पदराला बांधलेला पुडा तिच्या पोटात का गेला नाही, हा खरा प्रश्न होता. त्या चित्रात त्याचे उत्तर नव्हते.

मित्रहो, ही म्हातारी माणसे कोण आहेत, हे आधी आठवू. १९५४ च्या मे महिन्यात बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. त्यांच्या जोडीने सर्वसाधारण जागेवर उभे असलेले अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेब पडले. या जिल्ह्यावरचा तो डाग आपण दर जयंतीला भाषणात सांगतो. पण त्याच जिल्ह्यातील आपल्या बाया-माणसांनी दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरची वाट धरली. तेव्हा आईचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेले दहा वर्षांचे पोर आज ऐंशीच्या घरात आहे. या पिढीने दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली, विड्या वळल्या, हातमागावर कापड विणले, आणि त्या मजुरीतून आपल्याला शाळेत घातले. आपण 'साहेब' झालो, मास्तर झालो, निदान मोबाईलवर असे लेख वाचण्याइतके शिकलो, ते त्यांच्या हाडांवर. आज तीच हाडे कातड्यातून दिसतात आणि आपण म्हणतो, "वय झालं, आता वाळणारच."

आमचे म्हणणे असे आहे : ते वयाने वाळत नाहीत, ते कमी खाऊन वाळतात. कमी खाण्याचे कारण अज्ञान नाही. रेशनमध्ये डाळ नाही, हातात पैसा नाही, तोंडात दात नाहीत आणि घरातल्या पंगतीत त्यांचा नंबर शेवटचा आहे, ही ती कारणे. म्हणून म्हाताऱ्यांना पोषणाचे धडे द्यायचे असतील तर ताट सोबत घेऊन द्यावे लागतील. आणि हे काम चळवळीचे आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. तथागत आळवीत आले, भिक्खुसंघासह भोजन झाले, लोक देशनेसाठी बसले. पण तथागत बोलेनात. त्या शेतकऱ्याचा बैल हरवला होता. बैल शोधता शोधता त्याला उशीर झाला आणि तो उपाशीपोटी, थकून तिथे पोहोचला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले. तो जेवला, शांत झाला, मगच देशना सुरू झाली. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली तेव्हा तथागतांनी भुकेला सर्व रोगांच्या वर ठेवले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाला जे कळले होते, ते आजच्या पोषणजागृतीच्या कार्यक्रमांना कळू नये, याला काय म्हणावे?

आता हिशेब करू. भावना बाजूला ठेवून आकडे मांडू.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. पाच किलोला तीस दिवसांनी भागा. दिवसाला १६७ ग्रॅम पडतात. यातून ऊर्जा मिळते सुमारे पावणेसहाशे कॅलरी. हलके काम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईलाही साधारण दीड हजार लागतात. शंभर ग्रॅम तांदळात प्रोटीन असते सात-आठ ग्रॅम, म्हणजे कंट्रोलच्या तांदळातून तिला दिवसाला बारा-तेरा ग्रॅम प्रोटीन मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज लागते. पन्नास किलोच्या बाईला ४१-४२ ग्रॅम. म्हातारपणी स्नायू झिजतात, म्हणून वृद्धांच्या आहाराचे अनेक तज्ज्ञ दर किलोला १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. सरकार देते तेरा, लागतात पन्नास. मधले सदतीस ग्रॅम कुठून आणायचे, हे कोणत्याच चित्रात लिहिलेले नसते.

ते आणता येतात, हेही सांगतो. दोन अंडी : बारा ग्रॅम. पन्नास ग्रॅम तूरडाळ : अकरा ग्रॅम. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, शेंगदाण्याचा कूट : सात-साडेसात ग्रॅम. एक छोटा ग्लास दूध : सहा ग्रॅम. बेरीज सदतीसच्या आसपास. आमच्याकडच्या दुकानातील भावाने या सगळ्याला रोजचे ३५ ते ४० रुपये पडतात. बदाम नकोत, सफरचंद नको, पनीर नको.

आणि हातात किती येतात? श्रावणबाळ योजना आणि संजय गांधी निराधार योजना यांचे अनुदान २०२३ मध्ये हजारावरून १,५०० रुपये झाले. दिवसाचे पन्नास. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा आजही महिन्याला २०० रुपयेच आहे, म्हणजे दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. वरचे ताट विकत घेतले तर पन्नासातले दहा-पंधरा रुपये उरतात. त्यात तेल, मीठ, भाजी, बीपीची गोळी, तालुक्याला जायचे भाडे, आणि नातवाचा हट्ट.

हे पैसे तरी सर्वांना मिळतात काय? कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला २१ हजार. महिन्याला १,७५० रुपये. आता बघा : २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. तेव्हाच्या कायद्याने दिलेले शंभर दिवसांचे काम एखाद्या घराने पूर्ण केले तर त्याचे २९,७०० रुपये होत. म्हणजे सरकारने एका हाताने दिलेले काम केले की सरकारच्याच दुसऱ्या हिशेबात ते घर 'सधन' ठरते! म्हणून मग सेतू केंद्रावर खोटा दाखला काढावा लागतो, दलालाला पैसे द्यावे लागतात, आणि जो खरे बोलतो तो उपाशी राहतो. त्यानंतर हयातीचा दाखला, बँकेचे आधार जोडणे. विड्या वळून आणि भात रोवून ज्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या, त्यांनी ई-पॉस मशीनवर अंगठा कसा उमटवायचा? मशीन म्हणते ओळख पटली नाही. पन्नास वर्षे याच गावात राबलेल्या बाईची ओळख पटत नाही.

कोणी म्हणेल, गरिबी सगळ्यांचीच आहे, यात जात कुठून आणता? आणावी लागते, कारण ती ताटात आहेच. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या वृद्धांच्या मोठ्या पाहणीत साठीवरच्या दर चार माणसांत एकाहून जास्त, म्हणजे सुमारे २७ टक्के, वजनाने कमी आढळले. अनुसूचित जाती आणि जमातींमध्ये हे प्रमाण आणखी वर आहे. जमीन ज्याच्याकडे नव्हती, म्हातारपणी कोठीत धान्य त्याच्याकडे नसणार. नोकरी ज्याला नव्हती, पेन्शन त्याला नसणार. साधा हिशेब आहे.

आणि आमचे स्वस्तातले प्रोटीन कोणी काढून घेतले, तेही सांगू. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. गरीब दलित, मुस्लिम आणि इतर अनेकांच्या ताटातले सर्वांत परवडणारे मांस एका कायद्याने गेले. त्याच्या बदल्यात डाळ दिली काय? नाही. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस अंडी आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा पैसा थांबवून शाळांना लोकवर्गणीचा रस्ता दाखवला. मुलांच्या अंड्याची ही गत, तर म्हाताऱ्यांच्या अंड्याचे नाव कोण घेणार? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांचे खाणे लिहून ठेवले. तसे आपल्या झाडीपट्टीचे लिहिले तर त्यात तळ्यातली मासोळी, वाळलेले झिंगे, लाखोरीची डाळ, पोपटाच्या शेंगा, जवसाची चटणी, तरोट्याची भाजी येईल. या खाण्याला 'हलके' म्हणून हिणवले गेले, आणि आपल्यातल्याही शिकलेल्यांनी ते लाजेने सोडले. पाहुणा आला की पनीर, आणि घरच्या म्हातारीला सुकटीच्या वासावरून बोलणे!

आता दुखेल असे बोलतो. सगळा दोष सरकारवर आणि सवर्णांवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? दारावर पंचशील ध्वज आहे, भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत आहेत, आणि चुलीजवळ म्हातारी पातळ वरणाच्या पाण्यात भात कालवून खात आहे, कारण घट्ट डाळ आणि मासोळीचे तुकडे कमावत्या माणसांकडे आणि पोरांकडे गेले. तिला विचारा, ती म्हणेल, "मले भूकच नाई लागत." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. अर्ध्या वेळी ते खरे नसते. विधवा असेल तर आणखी संकोच. पोरे नागपूरला, पुण्याला कामाला गेली असतील तर एकटीसाठी चूल कोण पेटवणार? सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा, आणि मध्ये भूक मारायला खर्रा किंवा विडी. हिंदू घरातल्या बाईचे शेवटचे ताट आपण भाषणात मनुस्मृतीला जोडतो. मग आपल्या घरातले शेवटचे ताट कशाला जोडायचे?

म्हणूनच आम्ही पोषणशिक्षणाच्या विरोधात नाही. आम्हाला ते हवे आहे. पण ते म्हातारीला कमी आणि तिच्या मुलाला, सुनेला, नातवाला जास्त द्यायला हवे. त्यात काय असावे, ते आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे मांडतो.

पहिली गोष्ट, वाळणे हा आजार आहे, वय नव्हे. तीन महिन्यांत तीन किलोहून जास्त वजन गेले, बांगड्या निसटू लागल्या, ब्लाउज सैल झाला, तर दवाखान्यात न्यायचे. क्षयरोग, मधुमेह, दुसरे काही असू शकते. वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते धोक्याचे लक्षण. वृद्धांचे कुपोषण तपासण्याच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत हे माप धरले जाते. यासाठी डॉक्टर लागत नाही, दहावीतला पोरगा मोजू शकतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक जेवणात प्रोटीन, आणि मऊ. वरण पातळ नको, घट्ट. अंडे उकडून कुस्करून भातात. मासोळी काटे काढून. झिंग्याची, जवसाची, शेंगदाण्याची पूड करून वरून भुरभुरायची. भूक कमी असेल तर दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे. लाखोरी आपली आहे, पण रोज आणि फक्त तीच डाळ खाऊ नये. तिच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात, हे आपल्या जुन्या माणसांना माहीत आहे. भिजवून, पाणी फेकून, इतर डाळींसोबत अधूनमधून.

तिसरी, दात. दाताशिवाय पोषणाच्या गप्पा फुकट. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत कवळीही आहे. आमच्या ओळखीच्या किती म्हाताऱ्यांना ती मिळाली, हे मोजायला एका हाताची बोटे जास्त होतील. काठी आणि चष्म्याचे शिबिर होते, फोटो निघतात, कवळीचे नावच निघत नाही. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. गावातून दहा म्हाताऱ्या माणसांना गाडी करून तिथे नेणे हे आंदोलनाइतकेच मोठे काम आहे.

चौथी, मधुमेह आणि बीपी. 'साखर निघाली' की घरातले लोक सगळेच बंद करतात. भात बंद, फळ बंद, अंडे गरम पडते म्हणून बंद. माणूस साखरेआधी उपासमारीने खचतो. काय कमी करायचे आणि त्याच्या जागी काय द्यायचे, दोन्ही डॉक्टरला विचारा. किडनीचा आजार असेल तर प्रोटीनचे प्रमाणही डॉक्टरच ठरवतील.

पाचवी, कंट्रोलच्या तांदळातले वेगळे दिसणारे दाणे. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून म्हाताऱ्या बाया ते निवडून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून केलेले दाणे आहेत. मात्र आपल्या विदर्भात, आपल्याच समाजात, सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर लोहाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्या. सरकारने हे दाणे वाटण्याआधी गावात येऊन समजावून सांगायला हवे होते. ते केले नाही, म्हणून अफवा पसरली. गरिबाला न विचारता त्याच्या ताटात काही टाकले की तो संशय घेणारच, आणि त्याचा संशय हा त्याच्या अनुभवातून आलेला असतो.

आता चळवळीतील काही मित्र म्हणतात, "हे एनजीओचे काम आहे. आपण राजकीय लढाई लढायची, अंडी काय वाटत बसायचे?" आम्ही त्यांना विचारतो, १९२७ ला महाडला बाबासाहेब कशासाठी गेले होते? पाण्यासाठी. पाणी पिणे ही राजकीय लढाई असू शकते, तर जेवणे का नाही? ज्या जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडली, तिथे आपली माणसे मारली गेली की आपण रस्त्यावर येतो, आणि यायलाच हवे. पण रोज थोडे थोडे उपाशी राहून जे माणूस जाते त्याचा मोर्चा निघत नाही, त्याच्या दाखल्यावर 'वृद्धापकाळ' लिहिले जाते. हे मरणही व्यवस्थेनेच घडवलेले आहे.

दुसरे मित्र म्हणतात, "सगळे आपणच केले तर सरकार सुटते." हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे. आम्ही म्हणतो, करायचे ते सरकारला सोडण्यासाठी नव्हे, पकडण्यासाठी. आपण वजने मोजली, वही केली, नावे आणि आकडे लिहिले की मगच ग्रामसभेत बोलता येते. नुसती घोषणा तहसीलदार ऐकत नाही. "आमच्या वस्तीत पासष्टीवरचे चाळीस, त्यातल्या इतक्यांची पोटरी ३१ च्या खाली, इतक्यांना निराधारचे पैसे नाहीत, इतक्यांचा अंगठा लागत नाही" अशी वही पुढे ठेवली की त्याला उत्तर द्यावे लागते.

आणि आपल्याकडे जागा तयार आहे. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. ऐकायला येतात कोण? हीच म्हातारी माणसे. तीन महिने ती रोज एका छताखाली बसतात. यापेक्षा चांगली शाळा कोणत्या खात्याकडे आहे? वाचनानंतर प्रत्येकाला एक उकडलेले अंडे किंवा वाटीभर घट्ट डाळ-घुगरी द्या. जो अंडे खात नाही त्याला शेंगदाणे-गूळ. पौर्णिमेला खीरदान होते, तसेच डाळदान का नसावे? महिन्यातून एकदा वजन करा आणि पोटरी मोजा. ज्याचे वजन घसरले त्याच्या घरी जा, सुनेशी नम्रपणे बोला, आरोप करू नका, तीही दिवसभर राबून आलेली असते.

खर्चाचे म्हणाल तर वीस माणसांना रोज सात रुपयांचे एक अंडे म्हणजे १४० रुपये. वर्षाचे ५१,१०० रुपये. हा आकडा तुमच्या गावच्या जयंतीच्या डीजे आणि रोषणाईच्या खर्चाशेजारी लिहून बघा. जयंती बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ज्या म्हाताऱ्या हातांनी पहिली जयंती दोन मेणबत्त्या लावून केली, त्या हातांना एक अंडे द्या एवढेच म्हणतो.

सरकारकडे काय मागायचे, तेही स्पष्ट असू द्या. रेशनवर दरमहा डाळ आणि तेल. २०२२ च्या दिवाळीपासून सणाला शंभर रुपयांत रवा, साखर, तेल आणि किलोभर चणाडाळ असा 'आनंदाचा शिधा' दिला गेला, म्हणजे देता येते हे सिद्ध झाले. मग प्रोटीन फक्त सणाला का? तामिळनाडू रेशनवर स्वस्तात तूरडाळ देते. गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगढने २०१२ मध्ये स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा करून डाळ-चण्याला त्यात जागा दिली. तामिळनाडूने तर १९८० च्या दशकातच शाळेच्या दुपारच्या जेवणात वृद्धापकाळ पेन्शन घेणाऱ्यांना सामील केले. आपल्या गावात अंगणवाडी आहे, तिथे वजनकाटा आहे, सेविका आहे, शिजवण्याची सोय आहे. १९७५ पासून ती लहान मुले आणि गरोदर-स्तनदा मातांसाठी चालते, आणि ते चाललेच पाहिजे. त्याच चुलीवर पासष्टीवरच्या गरीब माणसांसाठी एक गरम जेवण जास्तीचे शिजावे, त्यासाठी सेविकेला आणि मदतनिसाला जास्तीचे मानधन मिळावे, ही आपली मागणी हवी. २०२० मध्ये शिवभोजन दहा रुपयांत सुरू झाले, पण थाळी जिल्हा आणि तालुक्याच्या ठिकाणी. लाखांदूरच्या आडगावातली म्हातारी दहा रुपयांच्या थाळीसाठी बसचे भाडे कुठून आणेल?

उत्पन्नाची २१ हजारांची अट बदला. अनुदान महागाईशी जोडा. अंगठा लागत नाही म्हणून धान्य परत पाठवू नका. आणि ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी असतो, तो दरवर्षी कुठे जातो हे ग्रामसभेत विचारा. वस्तीतला आणखी एक सिमेंटचा रस्ता करण्याआधी त्यातून म्हाताऱ्यांच्या जेवणाचा ठराव मांडा.

ही भीक नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये म्हातारपणी सार्वजनिक साहाय्य मिळण्याची तरतूद आहे. अनुच्छेद ४७ मध्ये लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, न्यायालयात त्यांच्यासाठी थेट दाद मागता येत नाही, असे कोणी शहाणा सांगेल. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेतच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. न्यायालयात नसेल, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे सत्ताधाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागेल, असा त्यांचा आशय होता. तो जाब विचारणारे मतदार आपण आहोत. ज्या भंडाऱ्याने १९५४ ला बाबासाहेबांना पाडले, त्या भंडाऱ्यात पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, आपल्या पक्षाच्या माणसालाही, वही दाखवून विचारू : आमच्या म्हाताऱ्यांच्या डाळीचे काय?

पण ती वही कोरी असेल तर विचारणार काय? म्हणून सुरुवात आजच करा. आज रात्री घरी जेवायला बसाल तेव्हा आजीला, आईला, बाबाला तुमच्या सोबत बसवा. घट्ट डाळ आधी त्यांच्या ताटात वाढा. जेवण झाले की शिंप्याची टेप काढा आणि त्यांची पोटरी मोजा. आकडा लिहून ठेवा. उद्या शेजारच्या घरी जा.

जयभीम.